आई बघून आणलेला

जुना बोकड वाईट नव्हता.
पण यंदा त्याच्याच पोरी माजावर आल्या,
चार पाटी, चौघींचे कान त्याच्यासारखे टोकाशी दुमडलेले.
त्याला काय, नातं थोडंच कळतं.
ते कळायचं काम माझं.

लेंगऱ्यात हैबती मेटकरीनं तीन दाखवले.
एक छातीनं भरलेला,
एकाची शिंगं बघत राहावीत अशी,
एक नुसताच उंच, चंद्र्या कपाळाचा.
मी म्हटलं, ह्यांच्या आया कुठायत?
तो हसला. बाजारात असं कुणी विचारत नाही,
बाजारात कमरेवर अंगठा दाबतात आणि किलो बोलतात.
मी धारेच्या वेळेपर्यंत बसले.
उंच्याची आई आली, तशी उकिडवी होऊन बघितली तिची कास:
पुढून रुंद, सड सरळ, दगडाधोंड्याला न घासणारे.
लिटरचं माप भरलं,
दुसरं अर्ध्यावर गेलं तरी धार तुटेना.
खाण बघितली, आता मातीचं काय ते बोला.

वरचे पैसे दिले आणि जुना तिथंच सोडला,
पैदाशीलाच ठेवायचा, या बोलीवर.
हैबती हो म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.
टेम्पो वळताना जुन्यानं मान वर केली होती;
मी तेव्हा नव्याची दोरी
उगाच दुसऱ्यांदा बांधत होते.

एकवीस दिवस नवा डाळिंबाच्या औषधखोलीमागं, एकटा.
त्याची बादली वेगळी, खराटा वेगळा,
त्याच्याकडं जायची माझी चप्पलसुद्धा वेगळी.
डॉक्टरांनी सुई दिली, खुरं बघितली,
लेंड्या पुडीत बांधून नेल्या.
जाऊ म्हणाली, "जावयाला तरी कोण येवढं उंबऱ्याभाईर ठेवतं गं?"
बाराव्या रात्री वारा फिरला
आणि सगळं खोपाट उठून उभं राहिलं.
दाढीवर स्वतःच मुतून घेतलेला तो वास,
सकाळी मास्तरांच्या नातवाच्या तांब्यातही पोचला.
"आज दूध जरा..." मास्तर म्हणाले आणि थांबले.
तेव्हापासून धार पुढच्या अंगणात,
कोपरापर्यंत हात धुऊन.

बाविसाव्या दिवशी फाटक उघडलं.
माज राहिला बाजूला,
आधी धुरपी आली. आठ वर्षांची, दोन दात पडलेली,
गव्हाणीवर पहिलं तोंड तिचं.
मागच्या पायांवर उठली आणि अशी आदळली
की नारळ फुटल्यागत आवाज झाला.
तो मागं सरला.
शेवटच्या गव्हाणीपाशी जाऊन शेवरी खायला लागला,
जणू त्याला तिथंच जायचं होतं.

तिसऱ्या सकाळी काजळी उभी राहिली त्याच्यापुढं.
चहा उकळायच्या आत उरकलं.
एवढ्यासाठी भाडं, सुई, एकवीस दिवस.

रात्री कोइमतूरहून ह्यांचा फोन,
दिवसभर गलाईच्या भट्टीपुढं बसून सुकलेला आवाज.
"घरी काय विशेष?"
बोकड बदलला.
"बरं. दूध किती देतो?"
मग स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत.
दीड लिटर, मी म्हटलं, त्याच्या आईच्या कासेतनं.
तुम्हाला तासाभरात कळतं, सोनं किती खरं.
मला दोन वर्षं लागतात.
पाट जन्मावी, जगावी, गाभण राहावी, सुखरूप विणावी,
मग कुठं मुठीत पहिली धार येते
आणि कळतं, मी काय आणलं होतं ते.
"दोन वर्षं," ते म्हणाले. मग लाइन गेली.

वही काढली.
काजळी, तारीख, पुढं पाच महिने मोजून खूण.
बापाच्या रकान्यात अडले.
नाव ठेवलेलंच नाही अजून.
बाहेर तो लिंबाच्या बुंध्याला शिंगं घासत होता,
साल निघेपर्यंत.
"लेंगऱ्याचा" असं लिहिलं.
चोवीस वर्षं झाली,
मलाही इथं कुंडलचीच म्हणतात.