काटा उजवीकडून बोलतो

जिनिंगच्या गेटावर धर्मकाटा,
त्याला लागून पत्र्याची केबिन,
केबिनीत शेठचा जुना कंप्युटर आणि मी.
बारावी पास, पुढचं अर्धवट.
दारव्हा रोडवर गाड्यांची रांग लागली
की रात्री दोनलाही रुई उडते,
कीबोर्डाच्या फटींत बसते.
काही अक्षरं दाबली तर मऊ लागतात.

वजन मी हातानं वहीत उतरवायचो.
शेठ म्हणाले, मशीनला वायर आहे ना, मग कर काहीतरी.
काहीतरी म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.
मोबाइलवर पाहून पाहून
चाळीस ओळी लिहिल्या.

पहिली गाडी चढली. काट्यावर लाल आकडे, ४२१०.
माझ्या पडद्यावर ०१२४.
उमराव हमाल खिडकीतून डोकावला,
"काऊन बावा, ट्रॅक्टरसकट एकशे चोवीसच किलो?"
दुसरी ३६८५. माझ्याकडे ५८६३.
तिसरी बरोबर आली! मी खुर्चीतून उठलोच.
ती ५४४५ होती.
त्यातली गंमत कळायला मला
आणखी दोन रात्री लागल्या.

विचारायचं कोणाला?
आमच्या गावात प्रोग्राम म्हणजे लग्न, बारसं, तेरवी.
मग नाव नसलेल्या, चेहरा नसलेल्या माणसांपुढे
प्रश्न ठेवला.
लिहून पुसला, पुसून लिहिला,
परक्या दारात हाक द्यावी की नाही, तसं झालं.

एक जण म्हणाला, आधी नीट विचारायला शीक.
मग घुबडाचं चित्र लावलेला कोणी आला,
म्हणाला, वायरीतून येतं काय, जसंच्या तसं दाखव.
त्याच्याकडे सकाळ असावी.
माझं इंग्रजी मोडकं, त्याचंही.
दोन मोडक्या बाजांची एक बाज करावी
तसं आमचं बोलणं कसंबसं उभं राहिलं.

त्यानं लिहिलं:
तुझा काटा उजवीकडून बोलतो.
आधी एकक सांगतो, मग दशक.
मध्येच तोडू नकोस.
पूर्ण ऐकून घे, मग उलट.

एक ओळ बदलली.
४२१० म्हणजे ४२१०.
आभार मानायला वळलो तर घुबड उडालेलं.

आई सांगते, पूर्वी शेजारच्या चुलीतून
गोवरीच्या तुकड्यावर इस्तो आणायचे.
नेणारी बाई टेकत नसे, बोलत नसे,
वाटेत विझला तर?
आणि इस्तो परत करायची रीतच नव्हती.
तुमची चूल पेटली
की तिसरी कोणी तुमच्या दारात यायची.

गाड्या नसल्या की मीही मग
कोणाकोणाचं पाहून देऊ लागलो.
सगळंच बरोबर नसायचं.
एकाची दिवसभराची बिलं माझ्या सांगण्यानं पुसली गेली,
त्यानं शिव्या दिल्या.
त्या मी जपून ठेवल्यात.

यंदा वीज अशी आली की कंप्युटर जळाला.
चाळीस ओळी गेल्या, नवं मशीन आलं,
आणि पडद्यावर पुन्हा उलटं.
डोक्यात काहीच उरलं नव्हतं.
शोधत बसलो, पहाटे एक उत्तर सापडलं.
कोणीतरी फार सावकाश समजावलेलं,
घाई न करता, समोरच्याला न हिणवता.
धन्य आहे बाबा, म्हटलं, कोण हा?

खाली माझंच नाव होतं.
चार वर्षांपूर्वीची तारीख, वेळ रात्रीची दोन अठ्ठावीस.
लिहिलेलं मला काही आठवेना.
त्याखाली कुणा डेअरीवालीनं लिहिलेलं,
दुधाच्या काट्यालाही लागू पडलं, पुढे दिलं.

उमराव विडी विझवत आला,
"सापडलं का?"
"सापडलं."
"कोनं सांगतलं?"
"हाये एक जण," मी म्हटलं,
"रातच्यानं काट्यावरच राह्यते."