आठाची गुंडाळी

नॉर्मन हेप्टनस्टॉल, म्हणजे माझ्यापुरता नॉर्मनभाऊ,
नवा फोन आला की आधी आईच्या पिठाच्या काट्यावर ठेवतो.
डब्यावर छापलंय एकशे एकाहत्तर ग्रॅम,
भरतात एकशे शहात्तर.
"पाच ग्रॅम माफ," म्हणतो, "पुढे चला."

तेवढ्यावरच मी त्याच्यावर भरवसा टाकला.
वजनात खोटं न बोलणारा माणूस
याआधी मी एकच पाहिला होता, कराडच्या बाजारात,
आणि तो बहिरा होता,
घासाघीस त्याला ऐकूच जायची नाही.

डॉनकास्टरच्या गोदामात रात्रपाळीला
मी परत आलेली खोकी उघडते.
पावाच्या चुऱ्यासकट टोस्टर,
कोणाच्या तरी कानातला मळ घेऊन आलेले इअरबड,
वायरी अशा कोंबलेल्या
जशी भांडून घातलेली वेणी.
परतीचं कारण: मन बदललं.

पावणेतीनला सुट्टी. डानुटा तिचं बीटचं सूप गरम करते,
मी डबा उघडते, फोन मिठाच्या बाटलीला टेकवते
आणि गूल गावातल्या त्याच्या गॅरेजचा दिवा लागतो.

तो ओरडत नाही.
आ वासलेलं स्वतःचं तोंड चित्रावर चिकटवत नाही.
आधी दोष सांगतो, मग गुण,
माझी मावशी स्थळं सांगायची तशी.
बस थांब्यावर आडव्या पावसात
हातमोजे घालून नंबर फिरवून बघतो.
माहितीपत्रक सगळं वाचतो,
फिनिश भाषेतलं पानसुद्धा उलटून म्हणतो,
"इथलं चित्र बरं आहे."
आणि शेवटचं ठरलेलं वाक्य:
"जुना चालतोय ना? मग चहा घ्या आणि झोपा."
या वाक्यानं माझे किती पौंड वाचले
ते मी वहीत मांडून ठेवलंय. चारशे बारा.

माइक तपासायला तो आईला फोन लावायचा.
"ऐकू येतंय का गं?"
"तू मोरीत उभा आहेस का रे?"
दर फोनला हेच, महागातल्या महाग फोनलासुद्धा.
बोलायचे ते इंग्रजीतच,
मला मात्र मराठीतच ऐकू यायचं.

मार्चमध्ये त्यानं वेळ सांगणारा नंबर लावला.
तिसऱ्या ठोक्याला दोन वाजून सात मिनिटं.
ठोके पडून गेले, पुढची वेळही सांगून झाली,
तो फोन कानाला धरून तसाच.
मग म्हणाला, "आवाज स्वच्छ येतो,"
आणि बॅटरीकडे वळला.
मी डब्याला झाकण लावलं. भात तसाच होता.

वायर गुंडाळताना तो आठ काढतो.
एक फेरा इकडे, एक उलटा तिकडे.
"वायरीलाही आठवण असते," म्हणतो,
"गोल गोल फिरवलीत तर पीळ धरून बसते."

गेल्या गुरुवारी पट्ट्यावरून एक खोकं आलं.
करडा स्पीकर.
वरचा पारदर्शक कागद जागच्या जागी,
माहितीपत्रक मूळच्या घड्यांवर,
वायर आठात.
तळाशी रबरी पायाला किंचित पांढरं.
बोटावर घेतलं. पीठ असावं.

पाठवणाऱ्याचं नाव आमच्यापर्यंत येत नाही, नुसता आकडा येतो.
तो असेल.
किंवा त्याचंच बघून शिकलेलं कोणी,
स्कन्थॉर्पमधलं, हलमधलं,
जे आठवड्याला एकदा पोळ्यांची, नाहीतर पावाची, कणीक मळतं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं:
चांगला आहे. पण जुना चालतोय.

नियमाप्रमाणे वायर सोडून तपासावी लागते.
सोडली. दिवा लागला.
एवढ्या मोठ्या हॉलमध्ये टुण्ण असा एक आवाज झाला
आणि डानुटानं मान वर केली. काय झालं?
काही नाही म्हटलं,
आणि पुन्हा गुंडाळायला घेतली,
एक फेरा इकडे,
एक उलटा तिकडे,
मधे दोन्ही भेटतात तिथे अंगठा दाबून.