शुक्रवारची फेरी

एल्मारने टेबलावर किल्ल्या ठेवल्या,
आणि एक यादी: एक हजार एकशे त्रेचाळीस पत्ते.
"बोटीची वेळ बदलली, बर्फ धरला, धक्का बंद पडला
की दर शुक्रवारी यांना कळवायचं. एवढंच काम."
मग कोट चढवून तो हीउमाच्या वाऱ्यात निघून गेला,
निवृत्तीकडे.

एवढंच काम.
पहिल्याच शुक्रवारी दोनशे सात पत्रं परत आली.
असा कोणी इथे राहत नाही.
पेटी भरलेली आहे.
सर्व्हर असाच बोलतो, खिडकी बंद करता करता
बोलणाऱ्या कारकुनासारखा.

मी एल्मारला फोन केला.
यांनी कधी हो म्हटलं होतं?
तो हसला. "जत्रेत लॉटरी होती, सायकलची.
चिठ्ठ्यांवर पत्ते होते. घातले यादीत.
इतक्या वर्षांत कोणी तक्रार केली नाही."

मौन म्हणजे संमती,
असं शहाणी माणसं सांगत आली.
ती कधी बसली नसतील
नको असलेल्या पत्राच्या तळाशी,
करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत
बाहेर पडायचं दार शोधत.

त्याच आठवड्यात रोमेट आला, स्पा-हॉटेलवाला,
हातात केकचा डबा.
"यादी दे. एकदाच. सॉनावर सवलत आहे,
वाईट काही नाही त्यात."
म्हटलं, या लोकांनी बोटीचं विचारलंय, अंघोळीचं नाही.
"सगळेच देतात गं."
यादी दिली नाही.
केक ठेवून घेतला. मी मागितला नव्हता,
म्हणजे तोही तसा स्पॅमच;
पण जर्दाळूचा होता.

मग सगळ्यांना एकच पत्र धाडलं:
बोटीच्या बातम्या अजून हव्यात?
तर एक शब्द लिहा.
नको असतील तर काहीच करू नका,
आम्हीच थांबू.

कोणी लिहिलं, हो.
कोणी, हो, आणि धक्क्यावरचा दिवा कधी लावताय?
मेलबर्नहून एकीने: बेट सोडून तीस वर्षं झाली,
बोट पकडायची नाहीये. तरी हो.
तीनशे बारा.
बाकीची नावं मी पुसली. एका कळीत पुसता आली असती,
मी एकेक वाचत गेले, संध्याकाळ गेली.
ताल्लिनहून साहेब ओरडले: आकडा पडला!
पडला खरा.

दोन शुक्रवारांनी फोन वाजला. हेल्यू, उत्तरेच्या टोकावरची.
"वाल्तेरला पत्र आलं नाही."
त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, मी म्हटलं.
"कसं देणार? मार्चमध्ये गेला तो."

मी गप्प.

"त्याची पेटी मी रोज उघडते.
गुडघ्याच्या गोळ्या येतात, कर्ज येतं,
कुठल्याशा राजपुत्राचा खजिना येतो.
सगळ्यांना त्याचं नाव माहीत, वय माहीत.
त्यांच्यातलं कोणी थांबत नाही.
थांबलात तुम्ही.
आणि विचारलंतही तुम्हीच."

तुमच्या नावाने सुरू करू?
"माझ्या?"
एक पत्र येईल. त्यात 'हो' लिहिलेलं असेल,
त्यावर दाबायचं. मी तुमच्यासाठी दाबू शकत नाही.

पलीकडे शेगडीत लाकूड तडकलं.
ती काही बोलली नाही.
त्या न बोलण्यातून मी काही काढलं नाही.
फोन ठेवला, दिवे मालवले, घरी गेले.

सोमवारी नाही. मंगळवारी नाही.
गुरुवारी, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी,
तीनशे तेरा.

शुक्रवार.
सकाळची बोट साडेसहाला. दक्षिणेचा वारा.
बर्फ अजून धरलेला नाही.
धक्क्यावरचा दिवा लागला.
आणि खाली, मोठ्या काळ्या अक्षरांत,
चष्म्याशिवाय दिसेल असं,
दार.