पुढच्या आवृत्तीत

चियातुराच्या दवाखान्यात, तळघरात,
जिथे आधी कोळसा ठेवायचे आणि आता मला ठेवतात,
एक सर्व्हर आहे. दोन हजार नऊचा.
पंख्यात मँगनीजची काळी भुकटी इतकी
की झाकण काढलं आणि आठवले
खाणीतून परतलेल्या माझ्या बापाचे कान.

जुनं ते सोनं, असं मला कुणी सांगू नका.
जुनं ते शिसं, तांबं, फुगलेली बॅटरी
आणि प्रोसेसरवर खडू होऊन बसलेली पेस्ट.
ती मी बसच्या कार्डानं खरवडली,
नवी लावली, वाटाण्याएवढी,
आणि मेमरीच्या पट्ट्या भरल्या
नोदारीनं रुस्तावीच्या भंगारातून
किलोच्या भावानं आणलेल्या.
अठरापैकी अकरा जिवंत निघाल्या.
वाईट नाही.
आमच्या वर्गातले इतकेही गावात उरले नाहीत.

नवी प्रणाली दारातच अडली.
म्हणाली, या प्रोसेसरला एक सूचना कळत नाही.
एकच.
शेकड्यांनी कळतात, ही एक नाही.
दूतावासाच्या खिडकीत असंच ऐकवतात,
काचेपलीकडून, तुमच्याकडे न बघता.
मी एक पायरी खाली उतरलो, मग आणखी एक.
तिसऱ्या पायरीवरची प्रणाली आत आली,
कुरकुरत, पिवळ्या अक्षरात अट घालून.

तरी आभासी यंत्र काही उभं राहीना.
रात्री दीड वाजता, बायॉसच्या निळ्या पानावर,
तिसऱ्या यादीच्या पार तळाशी सापडलं:
आभासीकरण – बंद.
पंधरा वर्षं बंद.
अंगात होतंच, कुणी चालू केलं नव्हतं.
मी एक कळ दाबली
आणि उगाच बसून राहिलो.
हे यंत्र इथे बसवलं ओतियानं,
जो आता थेस्सालोनिकीत
परक्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालतो.
त्याच्यावर रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

मग वाटणी.
बावीस जीबी अंथरूण, चार जणांचे पाय.
प्रयोगशाळेला आठ, औषधांच्या कोठाराला चार,
दारावरच्या पहारेकऱ्याला दोन,
आणि ओतियाच्या एक्स-रे नोंदवहीला एक.
उरलेलं घरमालकाचं.
नोंदवही मी उचलली तशीच आत ठेवली,
तिच्या जुन्या विंडोजसकट, राखाडी चौकटींसकट.
बाहेर काय काय बदललं ते तिला सांगितलं नाही.
तिला अजून वाटतं, प्रिंटर त्याच जाड केबलला आहे.
त्या दारामागे मी एक खोटा प्रिंटर उभा केलाय.
तो तिचं सगळं ऐकून घेतो
आणि कागद गुपचूप वरच्या मजल्यावर पाठवतो.

सकाळी लामारा उतरली, गुडघा धरून, पायऱ्या मोजत.
"एफ-सात दाबलं की नाव यायला हवं.
बाकी तुझं तू बघ."
चाचणी म्हणून तिनं माझंच आडनाव टाइप केलं.
दाबलं. काही नाही.
पंखे एकदम ओरडले, मग उतरले,
आणि बाप आला.
दोन हजार अकरा, छाती, समोरून.
शेऱ्याच्या रकान्यात ओतियाच्या काळचे तुटके जोडाक्षर,
खाली डॉक्टरांची आद्याक्षरं.
लामारानं पटकन एस्केप दाबलं.
"चालतंय," म्हणाली.

मग चष्मा कपाळावरून खाली घेतला
आणि बाजूच्या पडद्यावरची पिवळी ओळ वाचली, मोठ्यानं:
पुढच्या आवृत्तीत या प्रोसेसरला आधार मिळणार नाही.
"मलाही असंच पत्र आलंय. मार्चपासून."
मी केबल गुंडाळत राहिलो.
"मग पुढची आवृत्ती कधी घ्यायची?"
"आपण घेतलीच नाही तर कधीच नाही."
ती हसली नाही. हिशोब करत असावी.

तेवढ्यात वीज गेली.
यूपीएस टिटवीसारखा ओरडू लागला,
चौघे भाडेकरू आतल्या आत, हलले नाहीत,
एका हिरव्या दिव्यात आम्ही दोघं
जनरेटरची वाट बघत.
लामारा शेवटच्या पायरीवर बसली,
पिशवीतून लोबियानी काढली, अजून कोमट,
अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.
"सांडू नकोस," म्हणाली,
"पंख्यात जाईल."