चोकची तार

नागोजी भावजींनी फियाट परसात लावली
तेव्हा रेणू पाचवीत होती.
आता ती बारावीला,
आणि डाव्या हेडलाइटच्या खोबणीत कोंबडी अंडी घालते.
खानापूरचा पाऊस पत्र्याला विचारत नाही, तू कुणाचा.
चार महिने मांडी ठोकून बसतो, खातो.

मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते.
अठ्ठावीस वर्षं पोरांच्या हातून फ्यूज उडालेले बघितलेत,
म्हटलं, हे काय मोठंसं.
वहीत तीन शब्द लिहिले: हवा, पेट्रोल, ठिणगी.
तिघांतलं एक रुसलं असणार.

टाकीतून निघालं ते पेट्रोल नव्हतं,
काकवीसारखं काहीतरी, आंबूस.
मूठभर खडी आत घालून रेणूनं आणि मी टाकी घोळवली,
दोन बाजूंनी धरून, पाणी नितळ येईपर्यंत.
कार्बोरेटरचं जेट फुंकलं, डोळ्याला लावलं:
सुईच्या नेढ्याएवढं आभाळ.
पॉइंट शहापुरात मिळाले. दुकानदार म्हणाला,
शेवटचा जोड हाय बाई, जपून.

किल्ली फिरवली.
कुर्र. कुर्र. कु
आणि मीटरमधला दिवा डोळा मिटल्यागत.

भरमाण्णा आला, न वाकताच म्हणाला,
"स्टार्टर गेलाय वैनी."
उद्यमबागेत नेला, वाइंडिंग केलं, बाराशे रुपये.
कुर्र. कुर्र.
मल्लेशी बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो,
त्यानं बॅटरीवर बोट ठेवलं.
स्वतःची आणून लावली, नवी.
कुर्र.
कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं,
किलोवर घाला की, परस तरी मोकळं हुईल.

रात्री वहीत लिहिलं:
ठिणगी आहे. पेट्रोल आहे. हवा फुकटच आहे.
अर्थ लागत नाही.

चौथ्या रविवारी रेणू किल्लीवर,
माझा हात चोकच्या बटणावर,
आणि चटका.

चोकची तार. सायकलच्या ब्रेकला असते तसली,
हातभर, साधी, ओढायची-सोडायची.
तिला करंटशी काय देणंघेणं?
पण तापली होती चुलीतल्या फुंकणीसारखी.

मी तिथंच पायरीवर बसले.
कुठंतरी नेहमीची वाट मोडली होती,
आणि करंट बॅटरीकडं परतायचा म्हणून
या काडीएवढ्या तारेवरून निघाला होता,
सगळा, एकदम, सामानासकट.

मल्लेशी गाडीखाली उताणा सरकला.
खालून ओरडला, "अर्थ इल्लरी इदक्क!"
रेणूला हसू आवरेना.
माझ्या वहीत तेच लिहून ठेवलं होतं की.

इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याचा विणलेला पट्टा,
दोन धाग्यांवर लोंबणारा,
अंगावर मोरचुदासारखी हिरवी पूड.
लॅबमध्ये ही मी बाटल्यांत भरून ठेवते.

इमामहुसेननं वेल्डिंगची केबल दिली, दीड हात.
पैसे नको म्हणाला, चालू झाली तर एक चक्कर द्या.
पत्र्यावरचा रंग खरवडला, खाली चांदी निघेपर्यंत.
बोल्ट आवळला. पुन्हा आवळला.

या खेपेला कुर्र नव्हतंच.
खोकली, शिंकली, सायलेन्सरमधून उंदराचं घरटं उडालं,
त्यात रेणूच्या पाचवीच्या गणिताचे तुकडे,
मग निळा धूर, आणि कोंबडी थेट विहिरीच्या काठावर.

भावजींना मडगावला फोन लावला,
फोन बॉनेटपाशी धरला.
बराच वेळ पलीकडून काही नाही.
मग म्हणाले,
"टॅपेट वाजाय लागलेत, वैनी."

ब्रेक अजून नाहीत.
तरी पहिल्या गिअरात तीन हात पुढं घेतली,
आणि मागं गवतात चार फिकट चौकोन उरले.
त्यातल्या एकात भावजींचा पाना,
जो सात वर्षं आम्ही मल्लेशीवर घेत होतो.

त्यानं तो उचलला, चड्डीला पुसला,
खिशात घातला.
"इरली बिडरी," म्हणाला.