दुसरा हात

बर्नलीतल्या या घरात आमच्याआधी
कोण कोण राहून गेलं, भिंतीला माहीत.
भाड्याने आणलेलं वाफेचं यंत्र फुसफुसतं,
मी पात्याने खरवडते:
आधी सायीचा रंग, मग तपकिरी वर्तुळं,
मग लाकडाच्या भुशाचे दाणे चिकटवलेला तो हट्टी कागद,
नखाएवढाच निघतो, नखाएवढाच.

हेरंब म्हणतो, वरूनच रंग फासू. कोणाला कळतंय?
मला कळेल ना.

शनिवारी धुराड्याशेजारच्या कोनाड्यात
गिलावा लागला एकदाचा.
त्यावर पेन्सिलीने गुणाकार. अकरा रोल.
हातचा एक विसरलेला.
खाली, दाबून लिहिलेलं: एक कमी पडला.
डेरेक, जून एकाहत्तर.

बाबांना फोनवर भेगा दाखवते.
लांबी भर, म्हणतात, आणि वाळू दे,
ओली असताना घासलीस तर उचकटेल.
स्वतःची पट्टी बॅगेत भरली होती त्यांनी,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
पहिला हात तू दे, दुसरा मी येऊन देतो,
असं ठरलं होतं व्हिसाचं पत्र येईपर्यंत.

पहिला हात भिंत पिऊनच गेली.
दुसरा आम्ही दोघांनी दिला, रात्री दीडपर्यंत,
खिडक्या सताड उघड्या, अंगात स्वेटर.
डेरेकभोवती तेवढी वीतभर जागा सोडली.

त्याच्या खाली लिहिलं, पेन्सिलीनेच:
पाच लिटर. एक हात कमी पडला.

हेरंबने वाचलं,
काही न बोलता कपाट ढकललं.
त्याचं डावं दार अजून नीट लागत नाही.