त्रुटीचा रकाना

भोसरीच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं मी रंग जुळवले.
स्कूटरच्या टाकीचा लाल आणि मडगार्डचा लाल
एकच आहे का, हे सांगायचं काम.
डोळा फसतो, म्हणून यंत्र.
यंत्रही फसतं, म्हणून रोज सकाळी आधी
पांढरी टाइल मोजायची,
मग बाकीचं जग.

निवृत्त झाल्यावर तांबोळीबाईंच्या उमैरनं
धायरीच्या या खोलीत मला फाइली उतरवायला शिकवलं.
"मावशी, लाखो ताऱ्यांचे, दीर्घिकांचे वर्णपट.
फुकट. कुणीही घ्यावेत."
मी विचारलं, आधार कार्ड लागेल?
दोन फोटो, झेरॉक्स?
तो हसला.
मी चेष्टा करत नव्हते.

वर्णपट म्हणजे एक थरथरती रेघ.
ती खाली पडते तिथे वाटेत उजेड कुणीतरी अडवलेला असतो.
कॅल्शियमच्या दोन खाचा, शेजारीशेजारी.
कॅल्शियम म्हणजे आपला चुनाच,
आमचे मुकादम अंगठ्याच्या नखावर घ्यायचे तो.
दीर्घिका लांब जाते तशा खाचा तांबड्याकडे सरकतात,
दोन्ही सरकतात, एकाच पटीत,
म्हणून तर ओळखू येतात.
आणि पाच हजार पाचशे सत्त्याहत्तरवर जो सुळका आहे
तो तिकडचा नाही, आपल्याच हवेतला ऑक्सिजन.
वजा करूनही उरतो थोडा,
डबा घासला तरी वास उरतो तसा.

मला आवडतात ते रिकामे तंतू.
एकेका पत्र्याला शेकडो भोकं,
दिवसाउजेडी कुणीतरी हातानं त्यात तंतू खोचायचं,
आणि काही मुद्दाम
जिथे काहीच नाही तिथे रोखलेले.
रिकाम्या आभाळालाही उजेड असतो,
तो मोजल्याशिवाय वजा करता येत नाही.
हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

प्रत्येक वर्णपटाचं नाव तीन आकडे: पत्रा, दिवस, तंतू.
दिवस सलग मोजलेला, त्याला ना महिना ना वार.
परवा एक आला, ५२७२५.
उमैरच्या दोन ओळींच्या प्रोग्रामनं तारीख काढली:
२७ मार्च २००३.
मी चहाचा कप खाली ठेवला.

गुरुवार होता, म्हणजे पुण्यात वीज नव्हती.
कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर आम्ही दोघं,
मध्ये माझी पर्स.
कारकून शिक्का शोधत होता.
पंखा थांबलेला, म्हणून त्याच्या पात्यांवरची धूळ दिसत होती.
सव्वातीन वाजले असतील.
तेव्हा पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला
पहाटेचे पावणेतीन,
कुठल्याशा डोंगरावर दुर्बीण उघडी,
पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन तुकडे,
आणि तंतू क्रमांक चारशे सतरामध्ये
जवळजवळ दोनशे कोटी वर्षं चाललेला उजेड
पोचत होता.
शिक्का सापडायला पाऊण तास लागला.
तेवढाच.

आमचा निकालही मिळतो म्हणे.
अर्ज करा, नक्कल घ्या.
त्यात लिहिलंय, परस्पर संमतीने.
कितपत संमती, अधिक-उणे किती,
त्याला रकाना नाही.
इथे प्रत्येक आकड्याच्या शेजारी
त्याची त्रुटी नोंदलेली.
आणि या चारशे सतराला तर यंत्रानं इशाराही जोडलाय:
उत्तर दिलं आहे, खात्री नाही.

यंत्र म्हणतं, तारा.
मी रेघ ताणून पाहिली, चष्मा काढून पाहिली.
चुन्याच्या दोन खाचा आहेत, मला दिसतात,
मूळ जागेपासून बऱ्याच लांब, जोडीनं.
दोनशे कोटींचा हिशेब माझा, यंत्राचा नाही.
वहीत लिहिलं: दीर्घिका.
शेजारी पेन्सिलनं आणखी एक रकाना आखला, अधिक-उणे,
आणि तो भरायच्या आत
खाली पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला.